काळी तीनची गिटार

"ह्ये घ्या. परत तुटली," असं म्हणून अण्णांनी गिटारची बॅग काउंटरवर ठेवली आणि स्टूल ओढून बसले.

आमचे मालक दामले सर हार्मोनियमचा भाता चिकटवत होते. त्यांनी चष्म्याच्या वरून एकदा अण्णांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "मंजिरी, तुझे ब्लूजवाले आले," एवढंच म्हणाले आणि पुन्हा भात्यात डोकं घातलं.

शनिवार पेठेतल्या या वाद्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं गिटार विकते आणि दुरुस्तही करते. विकलेली गिटार लगेच परत आली की मला ती माहेरी आलेल्या मुलीसारखी वाटत नाही, रागच येतो. त्यात ही मी स्वतः निवडून दिलेली.

बॅग उघडली. सगळ्यात बारीक तार तुटून वळवळत होती. उरलेल्या तारा दांड्यापासून इतक्या वर आल्या होत्या की खालून पेन्सिल सरकली असती. या उंचीला आम्ही ॲक्शन म्हणतो. ॲक्शन जास्त असली की तार दाबता दाबता बोटं रडकुंडीला येतात. मागच्याच खेपेला मी ती छान खाली आणून दिली होती. तारा नव्या घातल्या होत्या. तार जिथे टेकते ती प्रत्येक जागा बोट फिरवून तपासली होती, कुठे धारदार कोपरा राहिला असला तर तार कापली जाते म्हणून. काही सापडलं नव्हतं.

"अण्णा, उन्हात ठेवली होती का?"

"देवघरात ठिवतो."

"घरात कुणी हिचे कान, म्हणजे चाव्या, पिळल्या?"

"हिला हात लावायची कुनाची टाप न्हाई. मालन सोडून." मालनकाकू म्हणजे अण्णांच्या पत्नी.

"कंपनीकडे पाठव," दामले सर भात्यातूनच बोलले. "वॉरंटीत आहे. विषय संपला."

"कवा येईल परत?"

"कंपनीच्या मनात येईल तेव्हा."

अण्णांचा चेहरा पडला. "दत्तजयंती तोंडावर आलीय ओ," ते म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच खरखरीत, तो आणखी बसला.

त्या आवाजाचीच तर सगळी गोष्ट होती. अण्णा वाघोलीचे. गावाभोवती टॉवर उभे राहिले तशी त्यांची बरीचशी जमीन गेली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. पण गावात त्यांची ओळख घरमालक म्हणून नव्हती. भजनी मंडळाचे ते मुख्य गायक. मग घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. तेव्हापासून ते टाळ घेऊन मागच्या ओळीत बसत होते.

दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गिटार मागितलीच नव्हती. म्हणाले, "आमचा एक भाडेकरू हाय, कंप्यूटरवाला. रविवारी कायतरी लावतो. त्यात ती तार रडती ओ ताई. पन बेसूर न्हाई रडत, मान्सावानी रडती. ते काय असतं?"

मी फोनवर चार-पाच प्रकार ऐकवले. एकापाशी त्यांनी हात वर केला. "ह्येच."

ते ब्लूज होतं. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांनी आपल्या दुःखातून काढलेलं संगीत. गायक एक ओळ म्हणतो आणि गिटार त्याला उत्तर देते. मी हे सांगितल्यावर अण्णा हसले. "म्हंजी आमच्यातच हाय की. म्होरं एक जन म्हनतो, मागं बाकीचे झेलत्यात." ब्लूज इतक्या झटकन कळलेलं दुसरं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. नाहीतर आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी रंग ठरवतात.

मग गिटार निवडायला बसलो. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. तारांखाली चुंबकाचे तुकडे असतात, त्यांच्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की तो ती थरथर पकडून पुढे अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, पाठवतो. गुंडाळी एकच असेल तर तो सिंगल कॉइल. आवाज स्वच्छ, मोकळा, ब्लूजला झकास, पण आजूबाजूला ट्यूबलाइट किंवा लाइटच्या माळा असल्या की घूं घूं करतो. दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी लावल्या की तो हमबकर. आवाज जाड आणि घूं घूं जवळजवळ बंद.

"वाजवणार कुठे?" मी विचारलं.

"मंडपात."

मंडप म्हणजे माळा आल्याच. म्हणून पुढे सिंगल कॉइल आणि मागे एक हमबकर असलेली गिटार काढली. एका खटक्यावर पिकअप बदलता येतो. दांडा सरळ, चाव्या घट्ट, लाकूड साधं. तारा बारीक घातल्या, कारण ब्लूजमध्ये तार बोटाने बाजूला ढकलून सूर वर चढवायचा असतो. याला बेंड म्हणतात, सतारीवर मींड काढतात तशीच. मी दाखवली तशी अण्णांनी पहिली बेंड काढली आणि डोळे मिटून घेतले. किंमत एखाद्या बऱ्या मोबाइलपेक्षा कमीच होती.

"आता अँप," मी म्हणाले.

"त्यो आमच्या मंडपवाल्याचा हाय की. आख्ख्या गावाला ऐकू जातो."

"तो माइकसाठी असतो अण्णा. गिटारचा वेगळा."

"आदी ही तर वाजू द्या."

जाताना दाराशी थांबून म्हणाले, "मला गाता येत न्हाई. ही गायला पायजे." मंडळाने त्यांना दत्तजयंतीला एका अभंगात जागा द्यायचं कबूल केलं होतं. अण्णांच्या जागी आता सोपानराव गायचे, पेटीही तेच वाजवायचे. त्यांनी सांगितलं होतं, वाजलं तर यापुढेही पुढच्या ओळीत बसा, नाहीतर टाळ आहेच. म्हणजे माणसाला पुन्हा मागच्या ओळीत पाठवायचं की नाही, ते या गिटारवर ठरणार होतं. आणि गिटार होती माझ्यासमोर, तुटक्या तारेसकट.

मी नवी तार घातली, सूर लावले, ॲक्शन पाहिली. एकदम मऊ! अण्णांनी वाजवली. त्यांचंही समाधान झालं.

"आता फॉल्ट कुठाय?" मी विचारलं.

"हितं न्हाईच. घरी गेल्यावर येतो."

"आमच्या फ्रिजचंही असंच आहे," दामले सर म्हणाले. "मेकॅनिक आला की व्यवस्थित चालतो."

मी ठरवून टाकलं. "सर, मी सुट्टीच्या दिवशी वाघोलीला जाऊन बघते."

"घरपोच सेवा आपण कधीपासून सुरू केली?"

"सुट्टी माझी आहे."

"मग पेट्रोलपण तुझंच."

मी वारज्याला राहते. वारजे ते वाघोली म्हणजे पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मी कंपनीला, अण्णांना आणि ब्लूजला आळीपाळीने शिव्या घातल्या. पोचले तेव्हा दोन टॉवरच्या मधल्या देवळात मंडळाची तालीम सुरू व्हायची होती. मालनकाकूंनी आधी चहा दिला आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, खरं सांगा, त्यास्नी जमंल का? आपरेशनपासनं घरात नुसती गपगप व्हती. ही आल्यापासनं बोलाय तरी लागल्यात." मी काहीतरी गुळमुळीत बोलले. गिटार का बिघडते हेच मला माहीत नव्हतं तर जमेल की नाही काय सांगणार!

अण्णांनी गिटार मांडीवर घेतली. दुकानातून नेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता, तारा अजून मी लावल्या तशाच होत्या. मृदंगवाल्यांनी डाव्या तोंडाला कणीक लावली आणि हातोडीने वाद्या ठोकायला सुरुवात केली. तंबोरीवाल्यांनी खुंटी पिळली. सोपानरावांनी पेटीवर एक पट्टी दाबून धरली. काळी तीन, म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांमधली तिसरी. या मंडळाचा सा तिथे. अण्णा गायचे तेव्हापासूनचा.

आणि अण्णांनीही अगदी शांतपणे गिटारची चावी पिळायला घेतली. पहिली तार काळी तीनला मिळेपर्यंत. मग दुसरी तिच्या हिशोबाने, मग तिसरी. चावीगणिक तारा वर वर येत होत्या.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मृदंगवाल्यांची हातोडी हवेतच राहिली.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.

"हे काय करताय?"

"लावून घेतोय."

"कशाला? मी लावून दिली होती ना?"

सगळं मंडळ माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू विचारतंय, हिला दुकानात ठेवलं कुणी? सोपानराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, पेटीला लावून घेतल्याबिगार वाजवायची कशी?"

मला हसू आवरेना. त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे सगळी वाद्यं गाणाऱ्यापुढे नमतात. तंबोरा, तबला, मृदंग, सगळे गाणाऱ्याच्या सा ला लावून घ्यायचे. जन्मभर भजनात बसलेला माणूस हातात कुठलंही वाद्य आलं की हेच करणार. गिटारचं मात्र तसं नसतं. तिच्या तारा ठरलेल्या सुरांनाच लावायच्या आणि आपला सा दांड्यावर शोधून काढायचा. अण्णा सगळ्याच तारा ठरल्यापेक्षा पूर्ण एक सूर वर ओढत होते. या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारांची मागची टोकं अडकवलेला धातूचा तुकडा, आतून स्प्रिंगांवर तोललेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. तारांचा जोर वाढला की ब्रिज पुढे उचलला जातो, त्याबरोबर तारा वर येतात, दांडाही थोडा वाकतो. अशी ताणलेली तार बेंड करायला गेलं की ती तुटणारच. तार तुटून आली की बाकीच्यांचे सूर हललेलेच असतात, म्हणून हा ताण मला दुकानात ओळखू आला नव्हता. तिथे मी सूर दाखवणाऱ्या मशीनवर तारा लावायचे, म्हणून सगळं ठीक. घरी पेटी होती, म्हणून सगळं बिघडलेलं.

हे ऐकून अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "इतकी वर्सं वाद्यं माझ्या गळ्याला लावली. आता गळा न्हाई, तरी हात तिकडंच जातो बगा."

मालनकाकू रिकाम्या कपबश्या गोळा करायला लागल्या. अशा वेळी मी कामाला लागते. मी चाव्या उतरवून सूर ठरल्या जागी आणले आणि गिटार त्यांच्या मांडीवर परत दिली.

"तुमचा सा आहे हिच्यात. शोधा," मी म्हणाले. "सगळ्यात जाड तार. वर सरकत जा."

दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. अण्णा एकेक फ्रेट दाबत वर सरकत गेले. सोपानरावांनी पेटीची पट्टी धरून ठेवली होती. दुसऱ्या फ्रेटवर सूर मिळाला, पण खालच्या सप्तकातला. अण्णांनी मान हलवली आणि पुढे गेले. चौदाव्यावर त्यांचं बोट थांबलं. पेटीचा सूर आणि तारेचा सूर एकमेकांत विरघळले.

"ह्यो माझा," अण्णा म्हणाले. "हितं गायचो म्या."

तिथल्या आसपास मी त्यांना ब्लूजचे पाच सूर दाखवले. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. त्यांनी एकदा वर-खाली केले आणि सोपानरावांकडे बघितलं. दोघं एकदमच म्हणाले, "धानी!" या सुरांचा धानी नावाचा राग आपल्याकडे आहेच. मग मी त्यात ब्लूजवाले वापरतात तो तीव्र मध्यम घातला.

"ह्यो कोन मधीच शिरला?" सोपानराव म्हणाले.

"पाहुणा आहे. मुक्कामाला राहत नाही, नुसता येऊन जातो."

"मंग येऊ द्या," सोपानराव म्हणाले.

राहिला अँप. मंडपवाल्याच्या अँपला गिटार लावून बघितली. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला, देवळाबाहेरचं कुत्रं उठून गेलं. माइकचा अँप जे ऐकतो ते जसंच्या तसं मोठं करतो. गिटारचा अँप तसा प्रामाणिक नसतो आणि तेच त्याचं काम. त्याचा स्पीकर टोचणारा वरचा भाग गिळतो, आणि जोर दिला की आवाजाला थोडी खर, म्हणजे खरखरीतपणा, येते. गाणाऱ्याचा गळा भरून आल्यावर येते तशी. त्या खरीशिवाय ब्लूज होत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा गिटार घेऊन दुकानात हजर. आधी दांडा सरळ केला. त्याच्या आत एक लोखंडी सळई असते, तिचा नट पाव-अर्धा फिरवला की वाक निघतो. मग अण्णांनी थेट सगळ्यात मोठ्या अँपवर हात ठेवला. "ह्यो. मृदंगाच्या म्होरं ऐकू आलं पायजे."

"मोठा अँप पूर्ण उघडलात तर गाव सोडावं लागेल. अर्धवट उघडलात तर त्याला खर येणार नाही. लहान घ्या, तो पोटभर वाजू द्या आणि त्याच्यासमोर मंडपवाल्याचा माइक ठेवा. गावाला ऐकवायचं काम माइकचं."

व्हॉल्व्हचे अँप असतात, आत काचेच्या नळ्या तापतात. आवाज फार गोड, पण वजन आणि किंमत दोन्ही जड. ट्रान्झिस्टरचे स्वस्त आणि दणकट. काही डिजिटल असतात, त्यांच्यात शंभर आवाज भरलेले. अण्णांना एकच हवा होता. मी ट्रान्झिस्टरचाच, उचलून स्कूटरवर पुढे ठेवता येईल एवढा, जोर आणि टोन असे मोजके नॉब असलेला काढला. अण्णांनी चौदाव्या फ्रेटवर एक बेंड काढली. तार खरखरत वर चढली आणि सुरावर जाऊन थांबली. अण्णांचा स्वतःचा आवाजही आता तसाच खरखरीत होता. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तीच बेंड पुन्हा काढली.

दामले सरांनी भाता खाली ठेवला. "दत्तजयंतीपर्यंत घेऊन जा," ते म्हणाले. "वाजला तर ठेवा. नाही वाजला तर आणून द्या, आणि वाजवणाऱ्याला दोष द्या. अँपला देऊ नका."

आमच्या सरांनी उधारीवर काही दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी मी गेले. पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला, भजन बसलं. अण्णा पुढच्या ओळीत, कडेला. त्यांच्या गिटारकडे बघून मला हसूच फुटलं. तिच्या डोक्याला, म्हणजे जिथे चाव्या असतात त्या टोकाला, पंचा गच्च बांधला होता.

"म्याच बांधला," मालनकाकू म्हणाल्या. "सवयीनं हात जातो त्येंचा. झोपंतबी कान पिळत्यात."

मृदंग घुमला. सोपानरावांनी अभंग उचलला, एक ओळ म्हटली आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा डावा हात खरोखरच पंचाकडे गेला! तिथे गाठ लागली. तोवर उत्तराची जागा निघून गेली होती. माळांमुळे अँपमधून नुसती घूं घूं ऐकू येत होती. मागून कुणीतरी खाकरलं. मी खटका बदला अशी खूण करून करून थकले.

सोपानरावांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. एरवी ते असं करत नसत. या खेपेला अण्णांनी खटका मागे ओढला, घूं घूं थांबली आणि बोट चौदाव्या फ्रेटवर गेलं. त्यांनी ओळ वाजवली. शेवटच्या सुराआधी तार खालून ढकलत वर नेली, पाहुण्या मध्यमाला ओझरता हात लावला आणि सा वर सोडली. तार तुटली नाही.

बायकांच्या बाजूला एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आगं, अण्णा म्हनायला लागला की!"

पुढे सोपानराव म्हणत गेले आणि अण्णा उत्तर देत गेले. चाल अण्णांचीच होती, जुनी. ते गायचे तेव्हा ज्या जागी आवाज थरथरवायचे तिथेच आता तार थरथरत होती, हे मला शेजारी बसलेल्यांनी सांगितलं. मला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मालनकाकू पदराने डोळे पुसतायत आणि दुसऱ्या हाताने मला सुंठवडा देतायत. मी तो घेतला आणि मीही रडले. सुंठ तिखट होती, असं मी नंतर दुकानात सांगितलं.

अँप परत आला नाही. अण्णा आले, तेही बऱ्याच दिवसांनी, नव्या तारा घ्यायला. तुटल्या नव्हत्या, वाजवून वाजवून झिजल्या होत्या.

"भजन कसं चाललंय?" मी विचारलं.

"सोपानाचं वय झालं ओ. काळी तीनला पोचंना त्यो. मंडळानं ठरवलं, काळी एकला यायचं."

"मग? गोंधळ झाला असेल."

"लई. मृदंगवाला ठोकत बसला, तंबोरीवाल्याची खुंटी निसटली. समदी लावून घेत व्हती."

"आणि तुम्ही?"

"म्या हात सरकावला," अण्णा म्हणाले. "आन् त्येंचं हुईस्तवर चा पिऊन घेतला."

तेव्हापासून इलेक्ट्रिक गिटार घ्यायला कुणीही आलं की मी बजेट आणि रंग नंतर विचारते. आधी विचारते, घरात पेटी आहे का?